पहिली बुडी किनाऱ्यावरून: आधी बाहेर येण्याची वाट शोधावी

बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन नावाचे गाव आहे. जानेवारी 1942मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालेले ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज या किनाऱ्याला आणून लावले होते, आणि 1963 साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते घसरून पाण्यात गेले. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेले हे जहाज पाहायला जगभरातून स्कूबा डायव्हिंग करणारे, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली बुडी मारणारे लोक येतात, आणि बोटीची गरज पडत नसल्यामुळे नवशिक्यांनाही ते ठिकाण हमखास सुचवले जाते. मीसुद्धा छायाचित्रे पाहूनच तेथे गेले होते. किनाऱ्यावर लाटांनी घासून गुळगुळीत झालेले काळे गोटे आहेत, काही तर नारळाएवढे. गावातल्या स्त्रिया डोक्यावर हवेची टाकी ठेवून त्या गोट्यांवरून सराईतपणे चालत येतात. आत जाताना समुद्र निवांत होता आणि मार्गदर्शकाने हात धरला होता. चाळीस मिनिटांनी परतलो तेव्हा वारा सुटला होता. मांडीएवढ्या पाण्यात फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायांत घालायचे रबरी पंखे, काढून उभी राहिले, तोच मागून लाट आली. तिने पुढे ढकलले आणि परत फिरताना पायांखालचे गोटे ओढून नेले. ते गोटे एकमेकांवर आपटत खाली घरंगळतानाचा खडखडाट अजून कानात आहे. शेवटी मी हातागुडघ्यांवर रांगत बाहेर आले, आणि एक गुडघा पंधरा दिवस काळानिळा राहिला.

त्या दिवशी पाण्याखाली काहीही चुकले नव्हते. चूक झाली होती ती ठिकाण निवडताना, कारण आत काय दिसेल एवढेच मी विचारले होते आणि बाहेर कसे यायचे हे विचारले नव्हते. पहिल्या बुडीसाठी किनारा निवडणाऱ्याने हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे माझे ठाम मत आहे. आत जाताना माणूस ताजातवाना असतो, टाकी भरलेली असते, आणि समुद्र आवडला नाही तर मागे फिरता येते. बाहेर येताना तो दमलेला, गारठलेला असतो, हवा संपत आलेली असते, आणि समुद्र कसाही असला तरी बाहेर यावेच लागते.

आपल्याकडच्या पुष्कळांना हा फरक चटकन जाणवत नाही, त्याला कारण आहे. मालवण-तारकर्लीला, गोव्यात ग्रांड बेटाजवळ किंवा मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणीला जी बुडी मारली जाते ती बोटीवरून. बोट खडकांजवळ नांगर टाकते, प्रशिक्षक पाहुण्याला पाण्यात उतरवतो, बहुतेक वेळ त्याची टाकी धरून ठेवतो आणि शेवटी वर ओढून घेतो. कोकणचा वालुकामय किनारा फार हळूहळू खोल होत जातो, अरबी समुद्राची लाट त्यावर सरळ येते आणि वाळू व गाळ सतत ढवळला जातो, म्हणून तेथे चालत पाण्यात शिरून काही पाहण्याजोगे सापडणे कठीण असते. किनाऱ्यावरची बुडी ही वेगळी गोष्ट आहे. टाकी, हवेचे जॅकेट, शिशाची वजने असे सारे मिळून वीस-पंचवीस किलोंचे ओझे अंगावर घेऊन आपल्या पायांनी पाण्यात जायचे, फुटणाऱ्या लाटा ओलांडायच्या, पोहत खोल पाण्यापर्यंत पोहोचायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. किनाऱ्याच्या बुडीतले निम्म्याहून अधिक कष्ट बोटीच्या बुडीत न दिसणाऱ्या याच भागात असतात.

तेव्हा किनारा सोपा कशामुळे ठरतो? पहिली गोष्ट म्हणजे त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे. सिडनीतील मॅन्ली उपनगरात शेली बीच म्हणून एक लहानसा किनारा आहे. तो पॅसिफिक महासागरावर असूनही त्याचे तोंड पश्चिमेकडे, म्हणजे जमिनीकडे आहे, कारण एक भूशिर त्याला हाताच्या कोपरासारखे वळसा घालून उभे आहे. दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणाऱ्या मोठ्या लाटा त्या भूशिरावर आपटतात. आतल्या बाजूला वाळूवर लहान मुले खेळत असतात. शेजारच्या मॅन्लीच्या मुख्य किनाऱ्यावर लोक लाटांवर फळ्या घेऊन स्वार होत असतात, आणि चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर नवशिके गुडघाभर पाण्यात उभे राहून मास्क लावत असतात. हा भाग 2002पासून संरक्षित असून तेथे मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे पाचसात मीटर खोलीवरही भरपूर मासे दिसतात. सिडनीतल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी पहिल्या बुडीचे ठिकाण विचारले, तर पाणी थंड असते हे बजावून मी हेच नाव सांगते.

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावरही हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. तेथे व्यापारी वारे वर्षातला बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतात, म्हणून पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा शांत असतो. रस्त्याकडेला पिवळ्या रंगाने रंगवलेल्या दगडांवर ज्या बुडीच्या जागांची नावे लिहिलेली असतात, त्या बहुतेक सगळ्या पश्चिमेला आहेत. अंदमानात हॅवलॉक बेटावर, ज्याचे नाव डिसेंबर 2018मध्ये स्वराज द्वीप झाले, सुप्रसिद्ध राधानगर किनारा पश्चिमेला आहे, आणि नवशिक्यांना जेथे नेतात तो गोविंदनगरजवळचा ‘निमो रीफ’ पूर्वेच्या बाजूला. नैऋत्य मोसमी वारे ज्या महिन्यांत पश्चिम किनाऱ्याला झोडपतात, त्या महिन्यांत पूर्वेची बाजू बेटाच्या आडोशाला असते. नकाशा उघडून वारा कोठून येतो आणि मध्ये जमीन आहे की नाही एवढे पाहिले, तरी अर्धी निवड होऊन जाते.

दिवसाच्या वेळेचाही याच्याशी संबंध आहे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री व पहाटे जमिनीवरून मतलई वारे वाहतात. दुपारनंतरचा खारा वारा किनाऱ्याजवळच्या पाण्यावर आखूड, एकामागून एक येणाऱ्या लाटा उठवतो. म्हणून उष्ण प्रदेशांतल्या बहुतेक किनाऱ्यांवर पहिली बुडी सकाळीच असावी. तुलांबेनला मी दुपारी गेले होते.

लाट किती मोठी चालेल, याला एक साधा हिशेब आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट उरली की लाट फुटते. म्हणजे एक मीटरची लाट सुमारे सव्वा मीटर पाण्यात, अगदी कमरेच्या वर पाणी येते तेथे फुटते, आणि नेमके तेथेच नवशिका एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायात फिन घालण्याची धडपड करीत असतो. तीस सेंटिमीटरची लाट मात्र जेमतेम चाळीस सेंटिमीटर पाण्यात फुटते. तेथे पाणी गुडघ्याखाली असते आणि माणूस दोन पायांवर घट्ट उभा राहू शकतो. म्हणून फुटणारी लाट गुडघ्याच्या वर जात असेल, तर पहिली बुडी त्या दिवशी नको. लाटा गटागटाने येतात, त्यामुळे दोन मिनिटे पाहून समुद्र शांत आहे असे ठरवणे धोक्याचे असते. किमान पंधरा-वीस मिनिटे बसून मोठ्या लाटांचा गट येऊन जाऊ द्यावा आणि मग मत बनवावे.

याच वेळी आणखी एक गोष्ट शोधावी. फेसाळ लाटांच्या रांगेत मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसतो, जेथे लाटा फुटत नाहीत. नवख्याला तीच आत जाण्याची सोपी वाट वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेले पाणी पुष्कळदा तेथूनच समुद्रात परतत असते, आणि आपले कोळी-गाबित बांधव ज्याला ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात ती ओढ तेथे असते. अनुभवी पाणबुडे तिचा उपयोग करून घेतात, परंतु नवशिक्याने असा पट्टा असलेला किनारा सोडूनच द्यावा.

आता भरती-ओहोटी, कारण किनाऱ्याच्या बुडीत सर्वाधिक घोटाळा तिच्यामुळेच होतो. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री उशिरा पोहोचलेल्या एका जोडप्याला सकाळी खोलीबाहेर आल्यावर समुद्र जागेवर नसल्याचे पाहून धक्का बसला होता. रात्री दारापर्यंत येणारे पाणी दूरवर गेले होते आणि मधल्या पट्ट्यात मेलेली प्रवाळे, खडक आणि पाण्याची डबकी उघडी पडली होती. तेथे भरतीला जी वाट वाळूवरून चार पावले चालण्याची असते, तीच ओहोटीला धारदार प्रवाळांवरून शेदोनशे मीटर अडखळत जाण्याची होते. अंदमानात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर सुमारे दोन मीटर असते. मुंबईला ते चार मीटरांच्याही पुढे जाते, उलट बोनेअरला ते इतके थोडे असते की त्याचा विचारही करावा लागत नाही. एकाच ठिकाणाबद्दल एकजण ‘अगदी सोपे’ आणि दुसरा ‘फार त्रासाचे’ म्हणतो तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. ते वेगवेगळ्या पाण्याला गेलेले असतात.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब कोकणपट्टीपुरता ठीक आहे; अंदमानात किंवा बालीत तो चालत नाही, तेथे त्या बंदराचा भरतीचा तक्ताच पाहावा लागतो. तिथीने कळणारी दुसरी गोष्ट मात्र बहुतेक सर्वत्र लागू पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि त्यामुळे जोराने वाहते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि पाणी संथ असते. सुट्टीच्या तारखा निवडण्याची मोकळीक असेल, तर अष्टमी-नवमीचे दिवस पहिल्या बुडीला अधिक चांगले.

शिवाय पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांत दोन मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात ते सोळा-सतरा सेंटिमीटरच चढते, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी अर्धा मीटर, आणि शेवटच्या तासात पुन्हा सोळा-सतरा. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी हलते. सर्वसाधारणपणे भरती पूर्ण होण्याआधीचा तास सर्वांत चांगला, कारण पाणी भरपूर असते, त्याचा जोर ओसरलेला असतो, आणि समुद्राचे स्वच्छ पाणी आत आलेले असते.

प्रवाह मोजायला उपकरण लागत नाही. बांधावरून किंवा खडकावरून वाळलेली काडी पाण्यात टाकावी आणि एका मिनिटात ती किती मीटर गेली ते पाहावे. पंधरा मीटर गेली तर प्रवाह सुमारे अर्धा नॉट (ताशी एक किलोमीटरहून थोडा कमी) आहे, आणि नवशिक्याला त्याविरुद्ध पोहताना धाप लागायला तो पुरेसा आहे. पाचसहा मीटरांपर्यंत हरकत नाही. तेव्हाही सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध करावी, म्हणजे परतीला तोच प्रवाह घरी आणून सोडतो.

खोलीबद्दल मात्र एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो असा की उथळ म्हणजे बिनधोक. दाबाचे गणित वेगळेच सांगते. पृष्ठभागावरून दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि हवेचे आकारमान निम्मे होते. त्याखालच्या दहा मीटरांत ते निम्म्यावरून एक-तृतीयांशावर येते. सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो, म्हणून कान तेथेच दुखतात, आणि म्हणूनच दीड मीटर पाण्यातून श्वास रोखून वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. याचा ठिकाणाच्या निवडीशी थेट संबंध आहे. जेथे तळ पायऱ्यांसारखा एकदम खाली न जाता उतरणीने हळूहळू खोल होतो, तेथे नवशिक्या माणसाला अर्ध्या अर्ध्या मीटरवर थांबून कान मोकळे करता येतात, हाताला वाळू लागते, आणि घाबरले तर उभे राहून डोके पाण्याबाहेर काढता येते. भिंतीसारख्या सरळ कड्यावर यांतले काहीच नसते.

इजिप्तमधले दहाब हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गावातल्या ‘लाइटहाऊस’ नावाच्या जागी आडोशाची खाडी आणि वाळूची उतरण आहे, आणि तेथे रोज नवशिक्यांचे वर्ग चालतात. थोड्या अंतरावर ‘ब्लू होल’ आहे. किनाऱ्यापासून काही पावलांवरच तळ सुटतो आणि खाली शंभर मीटरांच्या आसपास खोल विवर आहे. सुमारे 55 मीटरांवरच्या कमानीतून जाण्याच्या नादात अनेकांनी जीव गमावला, आणि त्यांच्या स्मरणाच्या पाट्या कड्यावर लावलेल्या आहेत. दोन्ही जागा किनाऱ्यावरच्याच, दोन्हीकडे पाणी तेवढेच नितळ.

प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीला प्रशिक्षकासोबत बारा मीटर आणि पहिले प्रमाणपत्र मिळवलेल्याला अठरा मीटर, ही बहुतेक ठिकाणी रूढ मर्यादा आहे. पहिल्या किनारी बुडीसाठी मी आठ ते दहा मीटरांवर थांबावे असे म्हणेन, आणि त्याचे कारण हवेच्या हिशेबात आहे. बारा लिटरची टाकी दोनशे बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट दाबाने, भरली की सुमारे 2400 लिटर हवा होते. त्यातली पन्नास बार, म्हणजे 600 लिटर, राखीव ठेवायची. नवशिका पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा घेत असेल तर दहा मीटरांवर चाळीस घेतो आणि 1800 लिटर त्याला पंचेचाळीस मिनिटे पुरते. अठरा मीटरांवर तीच हवा बत्तीस मिनिटांत संपते. धास्तावलेला माणूस याहून कितीतरी जास्त हवा ओढतो. त्यात पाहण्याची जागा किनाऱ्यापासून दोनशे मीटर लांब असेल, तर परतीच्या वाटेचा वाटाही याच टाकीतून काढायचा असतो. म्हणून वीस-तीस मीटर आत गेल्यावरच काहीतरी दिसू लागते अशी जागा निवडावी.

तळ वाळूचा असावा, निदान गुडघे टेकायला एक मोकळी वाळूची जागा तरी असावी. नवशिक्याचा तोल सारखा जातो, आणि फिनचा एक फटका वर्षाला एकदोन सेंटिमीटर वाढणाऱ्या प्रवाळाचे कित्येक वर्षांचे काम मोडतो. भारतात कठीण प्रवाळांना 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, पण कायदा नसता तरी ही काळजी घ्यायलाच हवी होती. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) दडलेले असू शकते, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे. जाड तळाचे बूट खडकाळ जागी अर्चिन नावाच्या काटेरी समुद्री जीवापासूनही वाचवतात. अंदमानात काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या इशाऱ्याचे फलक आहेत. ते फलक असतील तेथे, स्थानिक माणूस काहीही म्हणाला, तरी उतरू नये.

पाणी किती स्वच्छ असावे? पाच मीटरांवरचा सोबती स्पष्ट दिसला की पुरे. तीस मीटर दिसणे हा आनंदाचा भाग आहे, सुरक्षेचा नव्हे. पावसानंतर नदीच्या मुखाजवळचा किनारा मात्र आठवडाभर तरी टाळावा.

प्रशिक्षकाला काय विचारावे, हा प्रश्न मला अनेकांनी केला आहे. मासे कोणते दिसतील हे तो आपण होऊन सांगतोच. विचारायचे ते असे: ज्या जागी आत जाणार तेथूनच बाहेर येणार की दुसरीकडून? तेथे लाट वाढली तर बाहेर येण्याची दुसरी जागा कोणती, आणि ती येथून दिसते का? माझ्याबरोबर तुम्ही आणखी किती जणांना नेणार आहात? किनाऱ्यावर प्राणवायूची टाकी आहे का, आणि गरज पडली तर जवळचे रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे? चांगला प्रशिक्षक यांची उत्तरे बोट दाखवून देतो: तो खडक, ती शिडी, ते झाड. ज्याला किनाऱ्यावर उभे राहून दुसरी वाट दाखवता येत नाही, त्याच्याबरोबर पहिली बुडी मारू नये. सर्दी असेल, कान जड असतील, तर मात्र कोणताच किनारा सोपा नाही.

बाहेर येण्याची रीतही किनाऱ्यावरच ठरवून घ्यावी. पाणी छातीएवढे असताना थांबून मागे पाहावे, मोठ्या लाटांचा गट जाऊ द्यावा, आणि मग सरळ पोहत अगदी उथळ पाण्यापर्यंत यावे. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात फिन्स काढायला थांबू नये. तुलांबेनला मी हीही चूक केली होती. मास्क डोळ्यांवर आणि टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात असू द्यावा, म्हणजे पडलो तरी श्वास घेता येतो. रांगत यावे लागले तर रांगावे, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि भरतीचा तक्ता हाती आला की वेळ मागून पुढे न मोजता पुढून मागे मोजावी. समजा, पूर्ण भरती दहा वाजता आहे. तर दहाला आपण वाळूवर उभे असलो पाहिजे. त्याआधी दहा मिनिटे परत येण्याची, चाळीस मिनिटे पाण्याखालची, दहा मिनिटे आत जाण्याची. म्हणजे नऊ वाजता पाय पाण्यात. सामान अंगावर चढवून तपासायला अर्धा तास, आणि त्याच्याही आधी लाटा पाहत नुसते बसायला वीस मिनिटे. आठ वाजून दहा मिनिटांनी किनाऱ्यावर पोहोचायचे, चहा सोबत न्यायचा, आणि सामानाला हात लावण्यापूर्वी ज्या जागी बाहेर यायचे आहे तिच्यासमोर जाऊन बसायचे.